कौसामावशीचा पट्टा

मी कौसामावशींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या फटाक्यांच्या खोक्यावर बसल्या होत्या.

वनरक्षक म्हणून रुजू होऊन मला तीन दिवस झाले होते. बालाघाटाच्या डोंगरातली बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, खालच्या गावात भाड्याची खोली आणि अंगावर इस्त्री न मोडलेला खाकी गणवेश. डोंगरमाथ्यावर एका देवाचं ठाणं आहे. त्या दिवशी तिथं जत्रा होती. पाडवा होऊन गेला होता, ऊसतोडीला गेलेली माणसं परतली होती आणि सहा महिने ओस पडलेलं गाव एकदम माणसांनी भरलं होतं. पोरांनी वर्गणी काढून फटाके आणले होते. चहूबाजूंनी गुडघाभर वाळलेलं गवत, मधे तेवढं देवळाचं अंगण, आणि त्या अंगणात खोक्यावर मांडी ठोकून बसलेली एक उंच, काटकुळी बाई.

"उठ की मावशे, पालखी खोळंबलीय."

"खोळंबू दे. देव काय पळून चाललाय?"

"तुझ्या बापाचा हाय का डोंगर?"

"बापाचा असता तर कवाच इकून खाल्ला असता रं. ह्यो कोनाचाच न्हाई, म्हनून राखावा लागतो."

पोरं हसली, पण एक जण हातघाईवर आला. तेवढ्यात बाईंचं माझ्याकडं लक्ष गेलं. "ह्या बगा, नव्या म्याडम आल्यात. ह्यांनाच इचारा."

शंभरेक माणसं माझ्याकडं वळली. मी अंबाजोगाईची, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, पण तोंडातून कसाबसा आवाज निघाला, "फटाके खाली गावात नेऊन वाजवा." खोकं गावच्या एका जीपमध्ये चढलं तेव्हाच मावशी उठल्या, आणि जीपमध्येही पुन्हा त्याच खोक्यावर बसून खाली गेल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "जयभीम म्याडम. आवाज जरा मोठा काढत जा. डोंगराला ऐकू जात न्हाई."

कौसामावशी आमच्याकडं रोजंदारीवर आगराखणीचं काम करायच्या. पावसाळ्यात रोपं लावणं, हिवाळ्यात आळी करणं आणि गवत वाळलं की पावसाळ्यापर्यंत आग लागू नये म्हणून डोंगरावर लक्ष ठेवणं. वय विचारलं तर "दुष्काळातली हाय मी" म्हणायच्या. कोणत्या दुष्काळातली, असं विचारलं की म्हणायच्या, "आपल्याकडं कोन कोनता इचारतंय?" नवरा तरुणपणीच वारलेला. मुलगा विलास आणि सून दरवर्षी दसऱ्यानंतर कोयते घेऊन कारखान्याला जायचे. मावशी मात्र डोंगर सोडून कुठं गेल्या नव्हत्या. डोंगराच्या खांद्यावर अकरा घरांची वरची वस्ती होती, तिथं त्या राहायच्या. नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि पायांत कुणीतरी टाकून दिलेले पुरुषी कॅनव्हासचे बूट. बुटांना नाड्या नव्हत्या, त्याजागी वाखाची दोरी.

जंगलात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे खिसे तपासण्याचा हक्क त्यांना कुणी दिला होता कोण जाणे. गुराखी असो, सरपंच असो, त्या समोर उभ्या राहून हात पसरायच्या. "काड." मग बिडीचं बंडल परत आणि काडीपेटी मावशींच्या कमरेच्या पिशवीत. संध्याकाळी परतताना ज्याची त्याला देऊन टाकायच्या, एकही चुकायची नाही. सगळ्यात जास्त भांडण त्यांच्या दिराशी, धोंडिबाशी. धोंडिबाची मेंढरं होती. वाळलेलं गवत जाळलं की कोवळं गवत लवकर फुटतं, ही त्याची पिढीजात समजूत.

"भावजी, पेटवलं की फुटतं, ते खरं हाय. पन पाऊस पडला तर. न्हाई पडला तर काय राख चारनार मेंढरांना?"

"तू सरकारची मानूस हायेस वहिनी, तुला न्हाई कळायचं."

"सरकारची असते तर खुर्चीत बसले असते. चल, काडीपेटी काड."

स्वतः मात्र मावशी उघड्यावर काडी ओढत नसत. दरवर्षी आम्ही जाळरेषा काढायचो. म्हणजे डोंगराच्या अंगावर ठरावीक ठिकाणी रुंद पट्टा गवत कापून, उरलेलं बुडखं आमच्या देखरेखीखाली जाळून टाकायचं. म्हणजे आग आलीच तर त्या काळ्या पट्ट्याशी येऊन तिला खायला काही उरू नये. कापायला, झोडपायला मावशी सगळ्यांच्या पुढं. काडी लावायची वेळ आली की मागं सरायच्या. "त्ये तुमचं काम म्याडम."

एकदा बाभळीखाली भाकरी खाताना मी कारण विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगितलं.

"नवी नवरी व्हते. सासू म्हनली, बांध पेटवून ये. पेटवला. वारं सुटलं. शेजाऱ्याच्या कडब्याला लागलं. तितं कालवड बांधलेली व्हती. दावं सोडायला गेले, पन जवळ जाताच येईना. ती माझ्याकडं बगत व्हती." एवढंच. भाकरी मात्र त्यांनी पुरी खाल्ली. अन्न टाकणं त्यांना ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या खालच्या उतारावर आमची एक लागवड होती. सीताफळ, आवळा, कडुलिंब, थोडा खैर. कागदावर ती खात्याची; प्रत्यक्षात मावशींची. लागवडीच्या पाठोपाठ दोन उन्हाळे कोरडे गेले, तेव्हा टँकर वरपर्यंत चढत नव्हता. मावशींनी वस्तीच्या हातपंपावरून डोक्यावर हंडे वाहून ती झाडं जगवली होती. मी रुजू झाले तेव्हा सीताफळं माझ्या खांद्याला लागत होती. मावशी त्यांच्यातून चालताना पानांवरून हात फिरवत नसत, लाडाचं काही बोलत नसत. फक्त मोजत असत.

मोठे साहेब एकदा पाहणीला आले होते. आदल्या आठवड्यात पलीकडच्या अंगाला थोडी आग लागून गेली होती. साहेबांनी विचारलं, "किती हेक्टर जळालं?" मी कागद चाळू लागले. मावशी मधेच म्हणाल्या, "हेक्टर मला कळत न्हाई साहेब. चार ससे, एक घोरपड आन लांडोरीची सात अंडी. अंडी उकडली व्हती." साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत काही लिहिलंही नाही.

हिवाळ्यात मावशींची एक रीत होती. सूर्य उगवायच्या वेळेला त्या लागवडीपासून माथ्यापर्यंत गवतातून चालत जायच्या आणि वर पोचल्यावर लुगड्याचा काठ पिळून बघायच्या. दवाला त्या दहिवर म्हणायच्या. काठातून पाणी गळालं तर खुशीत असायच्या. "दहिवर हाय तवर गवताच्या मुळात जीव हाय. शिमग्यापतुर डोंगर पेटत न्हाई." मला ते आधी गंमतीचं वाटलं. दोन हिवाळे त्यांच्यामागून चालल्यावर मीही खाली वाकून पँटचे पाय चाचपू लागले.

तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. गणपतीत दोन सरी पडल्या, त्याच शेवटच्या. दसऱ्याला नाल्यांचे तळ उघडे. ज्वारी पेरलेल्यांनी पुन्हा जमिनीकडं पाहिलं नाही आणि ऊसतोडीची गाडी नेहमीपेक्षा आधी हलली. एरवी घर राखायला मागं राहणारेही त्या वर्षी गेले. वरच्या वस्तीत उरली ती म्हातारी माणसं, त्यांच्याकडं सोपवलेली सहा-सात लेकरं आणि अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले एक बाबा.

डिसेंबरात थंडी पडली, पण कोरडी. ओठ फुटायचे, दव नाही. एका सकाळी मावशी माथ्यावर पोचल्या, काठ हातात घेतला आणि पिळलाच नाही. तसाच माझ्यासमोर धरला. कडकडीत कोरडा होता, वर कुसळं चिकटलेली.

"म्याडम, पट्टा आत्ताच काडावा लागतोय."

"मावशी, जाळरेषेचं काम फेब्रुवारीत असतं. मंजुरी तेव्हा येते."

"आगीला सांगा मग तसं."

मी खाली जाऊन अर्ज लिहिला. लवकर मंजुरी मिळावी, गवत वेळेआधी वाळलं आहे, मनुष्यबळ नाही. दहा दिवसांनी उत्तर आलं : नियमित वेळापत्रकानुसार कार्यवाही करावी. मी पुन्हा लिहिलं नाही. वर जाऊन भांडले नाही. मनातून मला वाटत होतं, की इतकी वर्षं फेब्रुवारीत होतं, ते याही वर्षी होईल. मावशींना मी उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी वस्तीतल्या तीन म्हाताऱ्या बायकांना घेऊन पट्टा कापायला घेतला. हजेरी नाही, मजुरी नाही. पारूबाई म्हणून एक होत्या, त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं; त्या बसून सरकत सरकत विळा चालवायच्या. लागवडीच्या वरच्या कडेनं, वस्तीच्या खालून, त्या चौघींनी तीन आठवड्यांत जमीन उघडी केली. रुंदी असेल चार-पाच हात. नियमाप्रमाणे कितीतरी जास्त लागते. मी म्हटलं, "मावशी, हा फार अरुंद आहे." त्या म्हणाल्या, "म्हातारीच्या हातात येवढाच मावतो."

फेब्रुवारी लागला. मंजुरी अजून यायची होती. एका दुपारी एकच्या सुमाराला मावशींचा फोन आला. त्यांच्याकडं बटणांचा साधा फोन होता आणि त्यावर त्या नेहमी ओरडून बोलत. त्या दिवशी हळू बोलल्या.

"धूर हाय म्याडम. घाटरस्त्याकडून. वारं वस्तीकडं हाय."

मी कार्यालयाला कळवलं, अग्निशमनाच्या गाडीला फोन केला आणि निघाले. गाडी तालुक्याहून यायची आणि वस्तीपर्यंत तिला रस्ताच नव्हता. आगीच्या वाटेतला पाला उडवायचं आमचं यंत्र दुसऱ्या वनक्षेत्राकडं गेलेलं. खालच्या गावात मी हाका मारत फिरले. दाराशी आल्या त्या म्हाताऱ्या, नाहीतर शाळेतली पोरं. एरवी अशा वेळी कडुलिंबाचे डहाळे घेऊन पन्नास गडी डोंगरावर धावतात. त्या दिवशी माझ्याबरोबर आले ते दोघे, एक दुकानदार आणि एक निवृत्त शिपाई.

वर पोचले तेव्हा आग लागवडीच्या खालच्या टोकाला होती. मी वणवे पाहिले होते. ते सरपटत येतात, झोडपले की मरतात. हा उभा होता. बारीक झुडपंही पेटून मोठ्यानं तडतडत होती आणि धुराखालून उष्णतेचा लोट अंगावर येत होता. मावशी, धोंडिबा आणि दोन बायका डहाळ्यांनी झोडपत होत्या, पण एक जागा विझवावी तर पलीकडं दोन ठिकाणी भडका उडायचा. धोंडिबाची मेंढरं माथ्याकडं पांगली होती. ओरडत होती.

मावशींनी डहाळा खाली टाकला. वर वस्तीकडं पाहिलं. खालून आग चढाला लागली होती, आणि चढावर आग धावते. मग त्यांनी त्या चार हातांच्या पट्ट्याकडं पाहिलं.

"म्याडम, काडीपेटी हाय का?"

"नाही." आणि मग मला कळलं. "मावशी, काय करताय?"

"ह्यो पट्टा उडी मारून जाईल ती. पट्ट्यापासून खाली आपनच जाळत न्यायचं. तिला उपाशी मारायचं."

"मावशी, खाली लागवड आहे."

"दिसतीया मला."

"सरकारी आहे ती. परवानगीशिवाय..."

त्या माझ्याकडं वळल्या. डोळे धुरानं लाल झालेले, कपाळावर काजळी. "आन वस्ती कोनाची हाय म्याडम?"

मी हो म्हणाले नाही. नको म्हणाले नाही. तेवढ्या वेळात त्या दिरासमोर जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या होत्या.

"भावजी, काड."

"वहिनी, तू?"

"काड म्हनते ना."

धोंडिबानं काडीपेटी दिली. पहिली काडी विझली. दुसरी विझली. तिसरी त्यांनी दोन्ही तळव्यांच्या आडोशात धरली आणि पट्ट्याच्या खालच्या कडेला, पहिल्या सीताफळाच्या बुडाशी टेकवली. मग पेटत्या गवताची चूड हातात घेऊन कडेकडेनं चालत निघाल्या, वाकून, दर दहा पावलांवर एक एक टेकवत. आम्ही बाकीचे पट्ट्यावर उभे राहून वरच्या बाजूला उडणाऱ्या ठिणग्या झोडपत होतो. मग मावशीच ओरडल्या, "म्याडम, वर जा! बाबाला बाहेर काडा!" मी वस्तीकडं पळाले. दुकानदार, शिपाई आणि मी त्या बाबांना खाटेसकट उचलून वस्तीतल्या दगडी बुद्धविहारात नेलं. लेकरं आधीच तिथं होती. पारूबाई त्यांच्या तोंडावर ओला पदर फिरवत होत्या. कुणी रडत नव्हतं. सगळे दाराकडं पाहत होते.

खालून एक मोठा आवाज आला, वाऱ्यानं एखादं पत्र्याचं छप्पर फाडावं तसा. दोन आगी एकमेकींना भिडल्या होत्या. पाऊण तासानं धूर पातळ झाला. वस्ती जशीच्या तशी उभी होती. तिच्याखाली पट्टा, आणि पट्ट्याखाली काही नव्हतं.

मावशी लागवडीत शिरल्या होत्या. जमीन अजून तापलेली, बुटांचे तळवे मऊ पडलेले. त्या एकेका काळ्या बुंध्यापाशी थांबत पुढं जात होत्या. मी मागून हाक मारली, तर मागं न बघता म्हणाल्या, "मोजतेय." शेवटपर्यंत गेल्या आणि परत आल्या. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही.

पहिली आग कुणी लावली ते कधीच कळलं नाही. दुसरी कुणी लावली ते सगळ्यांना माहीत होतं. पंधरा दिवसांनी चौकशी झाली. साहेब वस्तीवर आले, विहारासमोर खुर्च्या मांडल्या.

"लागवडीला आग कोणी लावली?"

"मी लावली."

"कोणाच्या हुकमानं?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. एकदाही पाहिलं नाही. "आगीसमोर कोन हुकूम मागतंय साहेब? मी लावली, ल्ह्या तसं."

मग माझा जबाब झाला. मी लिहून दिलं : सदर वेळी मी वस्तीतील वृद्ध व आजारी व्यक्तींना सुरक्षित स्थळी हलवत होते. त्यात खोटं काही नव्हतं. मी पट्ट्यावर होते, त्यांनी मला विचारलं होतं आणि मी गप्प राहिले होते, एवढंच त्यात नव्हतं. "माझ्या सांगण्यावरून" असे दोन शब्द लिहिले असते, तर फार तर माझी वेतनवाढ थांबली असती. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी ते शब्द लिहिले नाहीत.

मावशींवर लेखी काही कारवाई झाली नाही. पुढच्या रोजंदारीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, इतकंच. मी यादी दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवली. तो उन्हाळा भयंकर गेला. वस्तीचा हातपंप मार्चमध्येच आटला, टँकर आठवड्यातून एकदा खालच्या गावात यायचा आणि वस्तीतल्या बायका घागरी घेऊन डोंगर उतरायच्या. मावशी मला पाण्याच्या रांगेत दिसायच्या. "जयभीम म्याडम" म्हणायच्या, पूर्वीसारखंच. मी गाडी थांबवायचे नाही, किंवा थांबवली तर पाण्याबद्दल बोलायचे. एकदा त्यांनीच विचारलं, "आईची तब्येत कशी हाय?" माझ्या आईचं ऑपरेशन झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

जूनमध्ये माझी बदली झाली. त्याच वर्षी दसऱ्यानंतर धोंडिबा बाजारात भेटला, त्यानं सांगितलं, की वहिनी या वर्षी विलासबरोबर तोडीला चाललीय. "ह्या वयात?" मी म्हटलं. तो म्हणाला, "हितं राहून काय करनार? डोंगर राखायचं काम ग्येलं, प्यायला पानी न्हाई." त्या हंगामातून मावशी परतल्या नाहीत. उसाच्या फडावर थंडीतापानं आजारी पडल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपल्या, असं मला नंतर कळलं.

धोंडिबा भेटल्यानंतर चारच दिवसांनी त्या मला शेवटच्या दिसल्या होत्या. मी कामानिमित्त चौसाळ्यात होते. दुपारी हायवेच्या कडेला ऊसतोडीचे ट्रक थांबले होते. भांडी, पत्रे, दोरीनं बांधलेल्या खाटा, कोंबड्यांचे डालगे आणि त्या सगळ्यावर माणसं. मधल्या ट्रकवर पाठ टेकून कौसामावशी बसल्या होत्या, मांडीवर नातवंड झोपलेलं. मी ओळखायच्या आधी त्यांनीच हात वर केला.

मी रस्ता ओलांडून ट्रकच्या मागं जाऊन उभी राहिले. मान वर करावी लागत होती. सांगायचं काय ते मी कित्येक महिने मनात जुळवून ठेवलं होतं. "मावशी," मी म्हटलं, "त्या दिवशी जबाबात मी..."

इंजिन सुरू झालं. मावशींनी कानामागं हात नेला, ऐकू आलं नाही अशी मान हलवली. मी मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं. त्यांची नजर खाली चाकांकडं गेली आणि चेहरा एकदम ताठ झाला.

"म्याडम, बाजूला व्हा!" त्या ओरडल्या. "गाडी मागं येतीया, बाजूला व्हा!"

मी बाजूला झाले. ट्रक मागं आला, वळला आणि रस्त्याला लागला. मी नीट उभी आहे ना, हे पाहायला त्या मान वळवून बघत राहिल्या. मग नातवंडाच्या डोक्यावर पदर ओढला आणि पुढं पाहू लागल्या.